डबा सकाळच्या ट्रॅव्हल्सने येतो, आतलं कॉन्फिग येत नाही: राउटर-स्विचचा बॅकअप कसा ठेवावा

मे महिन्याचा शेवट होता. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं, वावटळ सुटली आणि अंबाजोगाईकडच्या एका कॉलेजच्या आवारात वीज पडली. इमारतीवर नाही, मागच्या नारळावर. पण गच्चीवरून खाली आलेल्या लॅन केबलीतून झटका आत शिरला आणि राउटर, त्याच्या शेजारचा मुख्य स्विच, दोन्ही गेले. मला फोन आला तेव्हा मी लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानात प्रिंटर लावत होतो. नव्या राउटरचं काही अवघड गेलं नाही. पुण्याच्या डीलरने रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये पार्सल टाकलं, सकाळी साडेसहाला ते बसस्टँडसमोर हातात पडलं.

त्यानंतर अडीच दिवस गेले. कोणत्या पोर्टवर ऑफिस, कोणत्यावर लॅब, बायोमेट्रिक मशिनला कोणता आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), लाइनवाल्याने, म्हणजे इंटरनेट कंपनीने, दिलेला स्टॅटिक (कायमचा ठरलेला) आयपी कोणता, हे सगळं, म्हणजेच डब्यांचं कॉन्फिग, कुणालाच माहीत नव्हतं. ज्याने ते सगळं बसवलं होतं तो पोरगा पुण्यात नोकरीला लागला होता आणि त्याच्या जुन्या लॅपटॉपवर "फायनल न्यू २" नावाची एक फाइल होती, तीही तीन वर्षांपूर्वीची. प्रवेशाचे दिवस, दारात पालक, आणि मी भिंतीवरच्या केबली ओढून बघतोय कोणती कुठे जाते ते.

त्या अडीच दिवसांनंतर मी जी पद्धत बसवली ती इथे देतोय. पाच ते पन्नास डबे (राउटर, स्विच) असलेल्या जागेसाठी ती आहे: कॉलेज, दवाखाना, पतसंस्था, जिनिंग, साखर कारखान्याचं ऑफिस, तालुक्याच्या गावातला केबल-इंटरनेटवाला. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थात इंग्रजीत करायच्या. उदाहरणं मुख्यतः सिस्को आणि मायक्रोटिक या दोन कंपन्यांच्या डब्यांची आहेत, कारण आपल्याकडच्या रॅकमध्ये हेच जास्त दिसतात.

आधी यादी करा

यादीशिवाय बॅकअप घेतला की हमखास एक डबा राहतो, आणि बंद पडतो तो नेमका तोच. म्हणून पहिला दिवस फक्त हिंडण्याचा. गच्ची, जिन्याखालची पेटी, प्राचार्यांच्या केबिनमागचं कपाट, लॅबच्या माळ्यावरचा स्विच, सगळं बघा. प्रत्येक डब्याची एक ओळ: जागा, मॉडेल, सिरियल नंबर, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आयपी, पासवर्ड कोणाकडे. सिस्कोवर 'शो व्हर्जन' आणि 'शो इन्व्हेंटरी' दिली की यातलं बरंच मिळतं, मायक्रोटिकवर '/सिस्टिम राउटरबोर्ड प्रिंट'.

आणखी एक रकाना बहुतेक जण सोडतात: राउटरच्या बाहेरच्या, म्हणजे इंटरनेटकडच्या, पोर्टचा मॅक पत्ता (कारखान्यातून येणारी त्या पोर्टची ओळख). काही इंटरनेटवाले ग्राहकाची लाइन त्या मॅकला बांधून ठेवतात. नवा राउटर लावला, कॉन्फिग तंतोतंत घातलं, तरी इंटरनेट येत नाही, आणि माणूस दोन तास आपल्याच कामात चूक शोधत बसतो. जुना मॅक लिहिलेला असला की तो नव्या राउटरवर घालता येतो, नाहीतर हेल्पडेस्कला फोन करून बदलून घ्यावा लागतो.

याच फेरीत डब्यांना नावं द्या. मायक्रोटिक कारखान्यातून 'मायक्रोटिक' नावाने येतो आणि सिस्कोचा स्विच 'स्विच' नावाने. पाच जणांचं नाव एकच असलं तर पाच फाइली एकमेकींवर चढतात. 'गच्ची-राउटर', 'लॅब२-स्विच' असलं साधं नाव पुरे.

सेव्ह वेगळं, बॅकअप वेगळा

सिस्कोमध्ये चालू कॉन्फिग रॅममध्ये असतं, त्याला रनिंग-कॉन्फिग म्हणतात. डबा सुरू होताना जे वाचलं जातं ते एनव्हीरॅममध्ये (लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असतं, ते स्टार्टअप-कॉन्फिग. तुम्ही केलेला बदल लगेच लागू होतो, पण तो फक्त रॅममध्ये. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' किंवा 'राइट मेमरी' दिल्याशिवाय तो टिकत नाही. लाइट जाण्याची सवय असलेल्या भागात हा फरक फार महागात पडतो. एका ठिकाणी आठ महिने सगळं सुरळीत होतं. एका रात्री यूपीएसची बॅटरी बसली, स्विच बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि सकाळी आठ महिन्यांपूर्वीच्या स्थितीत आला. तिथल्या मामांचं म्हणणं होतं, "सर, रात्री कुणीतरी हात लावला." हात कुणीच लावला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी मीच सेव्ह करायचं विसरलो होतो.

दोन्हींमध्ये फरक आहे का हे बघायला 'शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस' ही कमांड आहे, तिच्यापुढे 'एनव्हीरॅम:स्टार्टअप-कॉन्फिग' आणि 'सिस्टिम:रनिंग-कॉन्फिग' अशी दोन नावं द्यायची. अधिकची किंवा वजाची खूण असलेली एकही ओळ दिसली तरी समजा, काहीतरी सेव्ह व्हायचं राहिलंय. जुन्या स्विचवर ही कमांड नसते, तिथे दोन्ही फाइली कॉपी करून तुलना करावी लागते.

स्विचवर आणखी एक गोम आहे. व्हीटीपी (स्विचांनी व्हीलॅनची यादी आपसांत वाटून घेण्याची सोय) सर्व्हर मोडमध्ये असेल तर व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचमधल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांची, यादी कॉन्फिगमध्ये नसते, फ्लॅशमध्ये 'व्हीलॅन.डॅट' नावाची वेगळी फाइल असते तिच्यात असते. कॉन्फिगचा बॅकअप घेतला आणि ही फाइल घेतली नाही, तर नव्या स्विचवर पोर्ट ज्या व्हीलॅनकडे बोट दाखवतात ती व्हीलॅनच तिथे नसते. ती फाइल वेगळी कॉपी करा, किंवा निदान 'शो व्हीलॅन ब्रीफ'चं उत्तर बॅकअपसोबत ठेवा.

मायक्रोटिकचं उलटं. तिथे सेव्ह नावाचा प्रकारच नाही, बदल केला की तो लगेच कायमचा. त्यामुळे विसरण्याची भीती नाही, पण चूकही तितक्याच लगेच कायमची होते. त्यावरचा उपाय पुढे येतो.

पहिला बॅकअप हाताने घ्या

ऑटोमॅटिकच्या मागे लगेच लागू नका. प्रत्येक डब्याचा पहिला बॅकअप हाताने घेतला की तो डबा कसा वागतो ते कळतं.

सिस्कोसाठी सर्वांत साधा मार्ग पुट्टीचा (लॅपटॉपवरून डब्यात लॉगिन करायचा मोफत प्रोग्रॅम). सेशन सुरू करण्याआधी लॉगिंग चालू करून फाइलचं नाव द्या, आत गेल्यावर 'टर्मिनल लेंग्थ ०' द्या म्हणजे पानापानाला थांबणार नाही, मग 'शो रनिंग-कॉन्फिग'. फाइल उघडून शेवटची ओळ बघा. सिस्कोचं कॉन्फिग 'एंड' या शब्दावर संपतं. तो शब्द नसेल तर फाइल अर्धवट आहे. पाच सेकंदांचं काम आहे, पण मी अशा अर्ध्या फाइली जपून ठेवलेली ऑफिसं पाहिली आहेत.

टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने फाइल ओढायची सवय जुन्या लोकांना आहे. चालतं, पण त्याला ना पासवर्ड ना एन्क्रिप्शन, यूडीपी ६९ पोर्टवरून सगळं उघडं जातं. लॅपटॉप थेट स्विचला लावून घेतलं तर हरकत नाही. इमारतीच्या नेटवर्कवरून घ्यायचं असेल तर एससीपी वापरा, ते एसएसएचच्या (एन्क्रिप्ट केलेल्या लॉगिनच्या) आतून जातं. आणि टीएफटीपी चालत नसेल तर डब्याला शिव्या देण्याआधी लॅपटॉपचा विंडोज फायरवॉल बघा, दहापैकी नऊ वेळा तोच अडवत असतो.

मायक्रोटिकवर दोन वेगळे बॅकअप असतात आणि दोन्ही घ्यायचे. '/सिस्टिम बॅकअप सेव्ह' देऊन जी फाइल मिळते ती बायनरी असते, वाचता येत नाही. तोच डबा किंवा त्याच मॉडेलचा डबा परत जसाच्या तसा उभा करायला ती उत्तम. दुसऱ्या मॉडेलवर ती घालायला जाऊ नका, जुन्या डब्याचे मॅक पत्तेसुद्धा तिच्यासोबत येतात. ती सेव्ह करतानाच पासवर्ड द्या. दुसरा प्रकार '/एक्स्पोर्ट फाइल=', हा साधा मजकूर असतो. डोळ्यांनी वाचता येतो, दुसऱ्या मॉडेलवर थोडी काटछाट करून घालता येतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. राउटरओएसच्या (मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरच्या) सातव्या आवृत्तीपासून एक्स्पोर्टमध्ये पासवर्ड आपोआप वगळले जातात, ते हवे असतील तर 'शो-सेन्सिटिव्ह' असं जोडावं लागतं. सहाव्या आवृत्तीत नेमकं उलटं होतं. आणि राउटरवर लॉगिन करणाऱ्यांचे पासवर्ड, सर्टिफिकेटं, एसएसएचच्या किल्ल्या एक्स्पोर्टमध्ये कधीच येत नाहीत.

यातली सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. ही फाइल राउटरच्याच आत तयार होते, 'फाइल्स'च्या यादीत दिसते, आणि माणूस समाधानाने विनबॉक्स (लॅपटॉपवरून मायक्रोटिक चालवायचा प्रोग्रॅम) बंद करतो. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावल्यासारखं आहे ते. त्यातही ज्या मॉडेलमध्ये 'फ्लॅश' नावाचं फोल्डर दिसतं, तिथे त्या फोल्डरच्या बाहेर ठेवलेली फाइल रीबूट झालं की नाहीशी होते. फाइल ओढून लॅपटॉपवर आली की मगच बॅकअप झाला असं म्हणा.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग डब्याचं नाव: '२०२५-०६-०७-गच्ची-राउटर'. असं लिहिलं की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. मात्र तारीख डब्याकडूनच घेणार असाल तर आधी त्याचं घड्याळ बरोबर आहे का बघा. बहुतेक मायक्रोटिकमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट गेली की वेळ चुकते, कधी थेट १९७० साल दिसतं. एनटीपी (नेटवर्कवरून आपोआप वेळ जुळवणं) लावणं हाच उपाय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्ये एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या) वेळेशी घड्याळं जुळवा असं म्हटलंय आणि लॉग १८० दिवस ठेवायलाही सांगितलंय. केबल-इंटरनेटवाल्यांनी तर हे गांभीर्याने घ्यावं.

फाइल ठेवायची कुठे

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक जण याच ठिकाणी फसतात.

सगळे म्हणतात, गूगल ड्राइव्हवर टाका. टाका की. पण ज्या दिवशी ती फाइल लागेल त्या दिवशी ऑफिसात इंटरनेट नसेल, कारण इंटरनेट देणारा डबाच मेलेला असेल. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून ओढता येईल, पण त्या अकाउंटचा ओटीपी संचालकांच्या फोनवर जातो आणि ते लग्नाला परळीला गेलेले असतात. हे मी कल्पनेने सांगत नाही. दुसरा प्रकार म्हणजे फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवायची. तो सर्व्हर ज्या स्विचमागे आहे तोच स्विच बंद असला तर?

म्हणून तीन जागा. एक, ऑफिसच्या एखाद्या पीसीवर, जिथून लॅपटॉपला केबल लावून किंवा पेन ड्राइव्हने थेट काढता येईल. दोन, कपाटात कुलपात ठेवलेला पेन ड्राइव्ह. तीन, गावाबाहेर: गूगल ड्राइव्हवर, किंवा तुमच्या स्वतःच्या घरच्या डिस्कवर. वीज, आग, चोरी एकाच वेळी तिन्ही ठिकाणी जात नाही.

आणि चौथी गोष्ट, तिला मी सगळ्यांत जास्त महत्त्व देतो: एक छापील ए-४ कागद. त्यावर इंटरनेटवाल्याचं नाव, ग्राहक क्रमांक, हेल्पडेस्कचा नंबर. लाइन पीपीपीओई (लॉगिन करून चालू होणारी) असेल तर युजरनेम आणि पासवर्ड, स्टॅटिक असेल तर आयपी, मास्क, गेटवे आणि डीएनएस. लाइनवाल्याने व्हीलॅनचा नंबर दिलेला असेल तर तो. बाहेरच्या पोर्टचा जुना मॅक. आतल्या नेटवर्कचा आयपी. कोणती केबल कोणत्या पोर्टमध्ये, हे हाताने काढलेल्या चित्रात. हा कागद हातात असला की बाजारात मिळणारा कुठलाही साधा राउटर लावून पंधरा-वीस मिनिटांत ऑफिसचं इंटरनेट सुरू करता येतं. लॅब, कॅमेरे, बाकीचं नंतर बघू, पण फॉर्म भरणं सुरू होतं आणि खालच्या मजल्यावरची बोंबाबोंब थांबते. कागदावर पासवर्ड आहे म्हणून तो बंद पाकिटात, पाकिटावर सही आणि तारीख, आणि पाकीट रोख रकमेच्या कपाटात. पाकीट फुटलेलं दिसलं की पासवर्ड बदलायचा.

केबल-इंटरनेटवाल्यांसाठी यात एक भर. तुमचा जीव ओएलटीत, म्हणजे ग्राहकांच्या फायबर लाइनी जिथे येतात त्या डब्यात, आहे. कोणत्या ग्राहकाचा ओएनयू (घरातला फायबरचा डबा) कोणत्या पॉन (फायबरच्या) पोर्टवर, कोणत्या सिरियलने बांधलेला आहे ही जोडणी त्याच्या कॉन्फिगमध्ये असते. ती गेली तर राउटर ठणठणीत असूनही शेकडो घरं बंद, आणि प्रत्येक ओएनयू नव्याने नोंदवावा लागतो. बहुतेक ओएलटींच्या वेब पानावर कॉन्फिग डाउनलोडचं बटण असतं. नवीन कनेक्शन जोडलं त्या दिवशी ते दाबायचं, आठवड्याने नाही.

रोजचं काम यंत्रावर सोपवा

डबे दहाच्या वर गेले की हाताने होत नाही, आपण स्वतःला कितीही शिस्तीचे समजलो तरी. एक जुना पीसी घ्या, त्यावर लिनक्स टाका. ऑक्सिडाइज्ड आणि रॅनसिड ही दोन मोफत साधनं याच कामासाठी आहेत. दोन्ही डब्यात लॉगिन करतात, कॉन्फिग ओढतात, आधीच्याशी तुलना करतात. ऑक्सिडाइज्ड गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) साठवतं, त्यामुळे कोणत्या दिवशी कोणती ओळ बदलली ते दिसतं. पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर तिची नेटमिको ही लायब्ररी वापरून वीस-पंचवीस ओळींत स्वतःचं लिहिता येतं. पन्नास डब्यांपर्यंत मला तेच सोपं वाटतं, कारण बिघडलं तर कुठे बिघडलं ते मला कळतं.

डब्याने फाइल पाठवावी की सर्व्हरने ओढावी, यावर लोक वाद घालतात. मी ओढण्याच्या बाजूचा. डबा पाठवणार असेल तर सर्व्हरचा पासवर्ड प्रत्येक डब्यात ठेवावा लागतो आणि गच्चीवरचा डबा कुणीही काढून नेऊ शकतो. सर्व्हर ओढणार असेल तर पासवर्ड एकाच ठिकाणी. त्यासाठी प्रत्येक डब्यावर वेगळा, कमीत कमी अधिकाराचा युजर बनवा. मायक्रोटिकवर वाचण्याचा आणि एसएसएचचा अधिकार, पासवर्डसकट कॉन्फिग हवं असेल तर सेन्सिटिव्हचा. सिस्कोवर पूर्ण कॉन्फिग बघायला सहसा वरचाच अधिकार लागतो, म्हणून तो युजर फक्त त्या सर्व्हरच्या आयपीवरूनच आत येईल अशी ॲक्सेस लिस्ट लावा.

वेळ कोणती? पुस्तकात रात्री दोन असते. आपल्याकडे रात्री वॉचमन मामा निघताना खालचा एमसीबी पाडतात, बिल कमी यावं म्हणून. सर्व्हर आणि अर्धे स्विच बंद. मी दुपारी साडेअकराची वेळ ठेवतो. सगळे आलेले असतात, लाइट असते, आणि काही चुकलं तर बघायला मी जागा असतो.

गिटमध्ये सुरुवातीला एक कटकट होते: काहीही बदललेलं नसताना रोज बदल दिसतो. सिस्कोच्या कॉन्फिगच्या डोक्यावर शेवटच्या बदलाची वेळ असते, जुन्या डब्यांत 'एनटीपी क्लॉक-पिरियड'ची ओळ आपली आपण बदलत राहते, मायक्रोटिकच्या एक्स्पोर्टची पहिली ओळ तर त्या क्षणाचीच तारीख असते. या ओळी साठवण्याआधी गाळून टाका. नाहीतर चार दिवसांनी तुम्ही बदलांची मेल उघडणंच बंद कराल आणि खरा बदल त्यात दडून जाईल.

स्क्रिप्ट बंद पडते तेव्हा ओरडत नाही. पासवर्ड बदलला, आयपी बदलला, आणि ती रोज निमूटपणे शून्य बाइटची फाइल ठेवत राहते. म्हणून फाइल कालच्यापेक्षा निम्म्याहून लहान असेल, किंवा सिस्कोच्या फाइलीत 'एंड' नसेल तर मेल येईल अशी सोय करा. आणि सोमवारी सकाळी चहाच्या आधी फोल्डर उघडून तारखा बघा.

बदल करण्याआधी परतीची वाट

लातूरला बसून चाळीस किलोमीटरवरच्या टॉवरवर फायरवॉलची एक ओळ टाकली आणि स्वतःलाच बाहेर ठेवून दार लावून घेतलं, हे ज्याच्या बाबतीत झालं नाही तो अजून या धंद्यात नवा आहे. उन्हात मोटरसायकलवर जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला.

मायक्रोटिकवर सेफ मोड आहे. विनबॉक्समध्ये वर डावीकडे बटण, टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स. तो चालू असताना कनेक्शन तुटलं तर केलेले बदल आपोआप मागे घेतले जातात. काम झालं की तो नीट बंद करून बाहेर पडायचं, म्हणजे बदल कायम होतात. एका दमात पन्नास बदल करू नका, चार करा, पक्के करा, मग पुढचे.

सिस्कोवर जुनी युक्ती: आधी चालू कॉन्फिग सेव्ह करा, मग 'रीलोड इन १०' द्या, मग बदल करा. आत राहिलात तर 'रीलोड कॅन्सल' देऊन सेव्ह करा. बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांनी डबा स्वतःच रीबूट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. मात्र त्या स्विचवर पीओईचे (स्विचच्या केबलीतूनच वीज घेणारे) कॅमेरे असतील तर तेही तेवढा वेळ बंद राहतील, बँकेत हे आधी सांगून ठेवा. याहून सभ्य उपाय म्हणजे आर्काइव्ह चालू करून 'कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर १०' ने आत जाणं आणि शेवटी 'कॉन्फिगर कन्फर्म' देणं, यात रीबूट होत नाही. ज्युनिपर कंपनीचे डबे वापरणाऱ्यांकडे याच कामाची 'कमिट कन्फर्म्ड' ही कमांड आहेच, त्यांचा मला हेवा वाटतो.

फाइलमधली गुपितं

कॉन्फिगची फाइल म्हणजे घराचा नकाशा आणि किल्ल्यांचा जुडगा एकत्र. वायफायचे पासवर्ड, पीपीपीओईचे, एसएनएमपीची कम्युनिटी (डब्यांवर दुरून नजर ठेवायला लागणारा परवलीचा शब्द), व्हीपीएनची चावी. आणि आपण ती "जरा बघ बरं" म्हणत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. मीही टाकलीय.

सिस्कोच्या फाइलीत पासवर्डच्या आधी ७ हा आकडा दिसला तर तो पासवर्ड उघडाच समजा. तो प्रकार फक्त मागून डोकावणाऱ्यापासून वाचवण्यापुरता आहे, क्षणात उलगडतो. शक्य तिथे 'सीक्रेट' वापरा आणि आवृत्तीत सोय असेल तर ८ किंवा ९ प्रकार निवडा. बॅकअपचं फोल्डर सेव्हन-झिपने एईएस-२५६ लावून बंद करा, पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये लिहू नका. कंपनीच्या सपोर्टला फाइल द्यायची असेल तर गुपितं खोडलेली वेगळी प्रत करा.

जुना डबा भंगारात किंवा दुसऱ्याला देताना सिस्कोवर 'राइट इरेज' करा आणि 'व्हीलॅन.डॅट' वेगळी पुसा, मायक्रोटिकवर '/सिस्टिम रीसेट-कॉन्फिगरेशन' द्या आणि 'फाइल्स'मधले जुने बॅकअप हाताने काढा.

उगवण तपासा

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलं तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि आठवड्याने किती उगवले ते मोजतात. सत्तरच्या वर आले तर बियाणं. पोतं भरलेलं आहे एवढ्यावर कुणी पेरत नाही. बॅकअपच्या फाइलींच्या बाबतीत आपण मात्र पोतं भरलेलं बघूनच निर्धास्त होतो.

वर्षातून दोनदा, एकदा तरी मृगाच्या आधी, एक सुटा डबा टेबलावर घ्या. चालू नेटवर्कला तो जोडू नका, एकाच आयपीचे दोन राउटर झाले की नवंच लफडं. त्यात कालची फाइल घाला आणि घड्याळ लावा. ज्याने ते नेटवर्क बसवलं नाही अशा माणसाला हे करायला लावलं तर सर्वांत उत्तम.

काय काय अडतं ते अनुभवातून सांगतो. सिस्कोच्या नव्या राउटरचे पोर्ट मुळात बंद अवस्थेत असतात, आणि चालू असलेल्या पोर्टसाठी कॉन्फिगमध्ये 'नो शटडाउन' असं लिहिलेलंच नसतं. त्यामुळे फाइल पूर्ण चिकटवूनही एकही पोर्ट उठत नाही. प्रत्येक पोर्टवर ती ओळ स्वतः द्यावी लागते. एसएसएचच्या किल्ल्या कॉन्फिगमध्ये नसतात, त्या 'क्रिप्टो की जनरेट आरएसए' देऊन नव्याने बनवायच्या. दुसरं, फाइल रनिंग-कॉन्फिगमध्ये कॉपी केली की ती आधीच्यात मिसळते, आधीचं पुसत नाही. आधीच्या कॉन्फिगच्या जागी पूर्ण बसवायचं असेल तर 'कॉन्फिगर रिप्लेस' आहे. तिसरं, मॉडेल बदललं की पोर्टची नावं बदलतात, 'गिगाबिट ०/०' चं '०/०/०' होतं. फाइलीत शोधा-बदला करून मगच घाला.

मायक्रोटिकवर आधी '/सिस्टिम रीसेट-कॉन्फिगरेशन नो-डिफॉल्ट्स=येस' देऊन डबा कोरा करा. न केल्यास कारखान्याचं कॉन्फिग आणि तुमचं एकमेकांत अडकतं. कोऱ्या डब्याला आयपी नसतो, विनबॉक्समधून मॅक पत्त्यावर जा. मग '/इम्पोर्ट', आणि 'व्हर्बोज=येस' लावलंत तर कोणत्या ओळीवर अडकला ते दिसतं. बहुतेक वेळा तो जुन्या मॉडेलमध्ये असलेल्या आणि नव्यात नसलेल्या एखाद्या पोर्टवर अडकतो.

त्या कॉलेजात यंदाच्या मे महिन्यात ही चाचणी घेतली. काम माझ्याकडे नाही, लॅबच्या असिस्टंट मॅडमकडे दिलं. पहिल्या खेपेला दोन तास दहा मिनिटं लागली, त्यातली चाळीस मिनिटं पेन ड्राइव्हचा पासवर्ड शोधण्यात. तो आता ए-४ कागदावर तळाला लिहिलाय. दुसऱ्या खेपेला पन्नास मिनिटं. मॅडम म्हणाल्या, "सर, विनबॉक्सचं इन्स्टॉलरही पेन ड्राइव्हवर ठेवा, नेट नसलं की ते डाउनलोड कुठून करायचं?" ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता पेन ड्राइव्हवर विनबॉक्स आहे, पुट्टी आहे, यूएसबी कन्सोल केबलीचा (लॅपटॉप थेट डब्याला जोडायच्या केबलीचा) ड्रायव्हर आहे आणि प्रत्येक मॉडेलचं सॉफ्टवेअर, ज्या आवृत्तीवर तो डबा चालतो तीच. कन्सोल केबल त्याच पाकिटाला रबर लावून बांधलीय, तिच्यावर चिकटपट्टीने लिहिलंय: स्पीड ९६००.